बाहेरचे उद्योग आणि आतील शपथ : डेक्कन एज्युकेशन सोसायटीतील १८९० च्या वादाचे एक अंग

शिक्षकाने आपल्या वेतनाखेरीज अन्य मार्गाने द्रव्यार्जन करावे की नाही, आणि करीत असल्यास ते कोणास कळवावे, ह्या प्रश्नाचे उत्तर आज आपण कायद्याच्या पुस्तकात शोधतो. महाराष्ट्रातील जिल्हा परिषदांच्या सेवकांसाठी १९६७ चे वर्तणूक नियम आहेत, शासकीय सेवकांसाठी १९७९ चे आहेत, खासगी शाळांतील सेवकांच्या सेवाशर्तींचा कायदा १९७७ चा व त्याखालील नियमावली १९८१ ची आहे. बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या केंद्रीय कायद्यात तर २८ वे कलम शिक्षकास खासगी शिकवणी करण्याची सरळ मनाईच करते. ह्या सर्व नियमांचे स्वरूप भिन्न असले तरी त्यांच्या मुळाशी एक गृहीत समान आहे. ते असे की, नियम करणारा एक आणि पाळणारा दुसरा. सेवकाने आपले हितसंबंध प्रकट करावयाचे ते वरिष्ठापाशी, आणि अनुज्ञा द्यावयाची की नाही हे वरिष्ठाने ठरवावयाचे. जेथे वरिष्ठ आणि सेवक हे एकच असतील तेथे काय करावे, ह्याविषयी ही नियमावली मूक आहे.

अशी एक संस्था पुण्यात होती, आणि तिच्यात हा प्रश्न असा काही विकोपास गेला की तिच्या संस्थापकांपैकी एकास ती सोडावी लागली. लोकमान्य टिळकांनी १८९० मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा राजीनामा दिला, ही घटना महाराष्ट्रात शाळकरी मुलांसही ठाऊक आहे. तिचा अर्थ मात्र बहुधा एकाच रीतीने लाविला जातो : टिळक राजकारणवादी, आगरकर सुधारणावादी, दोघांची तोंडे दोन दिशांना, म्हणून फाटाफूट. हा अर्थ खोटा नाही. परंतु टिळकांनी १५ डिसेंबर १८९० रोजी जे विस्तृत राजीनामापत्र लिहिले त्याचा रोख सामाजिक सुधारणेपेक्षा निराळ्याच गोष्टीवर आहे. आजीव सभासदाने संस्थेबाहेर काय करावे, त्यापासून काय मिळवावे, आणि त्या मिळकतीवर व त्या वेळेवर संस्थेचा अधिकार किती, हा त्या पत्राचा खरा विषय होय. प्रस्तुत निबंधात वादाच्या ह्याच अंगाचा विचार करावयाचा आहे.

प्रश्न पुण्यास अगदी नवा होता असेही नाही. नवे होते ते त्याचे रूप. पेशवाईत विद्वानास दक्षिणा मिळे, ती राजाकडून मिळे, शिष्याकडून मिळे, यजमानाकडूनही मिळे, आणि तीत कोणास काही वावगे वाटत नसे. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात इंग्रजांनी संस्कृत पाठशाळा स्थापिली ती ह्याच दक्षिणेच्या निधीतून. पण तेथे शास्त्रीबोवांस ठरीव मासिक वेतन मिळू लागले, आणि तेव्हापासून एक सूक्ष्म फरक पडला. जो पैसा देतो तो आता शिकणाऱ्याहून वेगळा, शिकविणाऱ्याहूनही वेगळा. अशा तिऱ्हाईताने पैसा मोजून विकत घेतलेला वेळ गुरूने दुसरीकडे खर्चिला तर तो कोणाचा अपराध, हा प्रश्न येथूनच उद्भवतो. कंपनी सरकारने आपल्या नोकरांस नजराणे व खासगी व्यापार ह्यांची बंदी १७७३ च्या कायद्याने घातलेली होती. १८५८ नंतरच्या सरकारी शाळांतील शिक्षकही त्याच परंपरेतील नोकर झाले. विष्णुशास्त्री चिपळूणकर हे असे एक सरकारी शिक्षक. १८७४ पासून ‘निबंधमाला’ लिहीत असता त्यांचे वेतन सरकारचे आणि लेखणी स्वतःची होती. पुण्याहून रत्नागिरीस झालेली बदली आणि १८७९ मध्ये त्यांनी सोडलेली नोकरी ह्या गोष्टी सर्वांस परिचित आहेत.

न्यू इंग्लिश स्कूल १८८० च्या जानेवारीत निघाले ते ह्या पार्श्वभूमीवर. सरकारी नोकराची बंधने झुगारून दिलेल्या पुरुषाने ते काढिले होते, ही गोष्ट ध्यानात ठेविली पाहिजे. विष्णुशास्त्र्यांच्या मनात शाळा हा एकटा उद्योग नव्हताच. चित्रशाळा, किताबखाना, आर्यभूषण छापखाना आणि पुढच्याच वर्षी ‘केसरी’ व ‘मराठा’ ही दोन पत्रे, हा सारा एकच प्रपंच होता. शाळेत शिकविणाराच पत्र लिही, पत्र ज्या छापखान्यात छापले जाई त्याच्याही व्यवहारात त्याचाच हात असे, आणि त्याच मंडळींपैकी कोणी पाठ्यपुस्तकही रची. आजच्या नियमावलीच्या चष्म्यातून पाहिले तर हितसंबंधांचा इतका दाट गुंता क्वचितच आढळेल. त्या काळी मात्र त्यात कोणास गुंता दिसत नव्हता, कारण सर्व उद्योगांचा हेतू एक आणि सर्व उद्योगांतून मिळणारा नफा जवळजवळ शून्य होता. नुकसानीत असलेल्या छापखान्यात कोणाचा स्वार्थ शोधावयाचा?

गुंता प्रथम दिसला तो नफ्यामुळे नव्हे, धोक्यामुळे. कोल्हापूरचे दिवाण बर्वे ह्यांच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात १८८२ मध्ये टिळक व आगरकर ह्यांस शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात त्यांचे शंभराहून अधिक दिवस गेले. पत्राच्या अपराधाबद्दल शाळेचे दोन शिक्षक शाळेबाहेर झाले. विष्णुशास्त्री त्याच वर्षी मार्चमध्ये निवर्तले होते. लोकांनी दोघा तरुणांचा जयजयकार केला आणि त्यामुळे शाळेचे तेज वाढलेच, हे खरे. पण एका उद्योगाची जोखीम दुसऱ्या उद्योगाच्या खाती कशी पडते ह्याचा अनुभव मंडळींस येऊन चुकला. २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन महाविद्यालय उघडले, तेव्हा शिक्षणाचे काम व वृत्तपत्रांचे काम अलग करण्याची निकड ह्या अनुभवानेही पटवून दिली असावी. संस्थेचे वर्गणीदार संस्थानिक होते, हितचिंतकांत वर्ड्सवर्थसारखे युरोपीय होते, सरकारी अनुदानाचाही प्रश्न होता. अशा संस्थेच्या गळ्यात पत्राचे लोढणे बांधणे इष्ट नव्हते.

सोसायटीची घटना पाहिली म्हणजे वादाचे बीज कोठे पडले हे उमगते. आजीव सभासदाने वीस वर्षे संस्थेची सेवा करावयाची, तीही अल्प वेतनावर; हे वेतन पुढे कित्येक वर्षे दरमहा ७५ रुपये इतके होते. त्या मानाने सरकारी महाविद्यालयांतील प्राध्यापकांचे वेतन किती तरी मोठे असे. म्हणजे त्याग हेच संस्थेचे भांडवल होते. वर्गणी मागावयास जाताना नामजोशींसारख्यांच्या हाती दुसरे कोणते तारण नव्हते. आता ज्याचा त्याग हेच भांडवल, त्याने बाहेर चार पैसे मिळविले तर भांडवलास धक्का लागतो काय? एका पक्षाचे म्हणणे, लागतो. कारण जगाला दाखवावयाचा त्याग खरा असला पाहिजे. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे, लागत नाही. कारण मनुष्याने ७५ रुपयांत संसार करण्याचे कबूल केले म्हणजे रिकाम्या वेळी लेखणी हाती धरू नये असे कबूल केले असा अर्थ होत नाही. पहिला पक्ष टिळकांचा. येशूसंघी पाद्र्यांचा आदर्श त्यांच्या डोळ्यांपुढे होता, ही गोष्ट चरित्रकारांनी वारंवार सांगितली आहे, न. चिं. केळकरांनी १९२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्रात ह्या वादाचा विस्तार आहे. दुसऱ्या पक्षाचे प्रवक्ते मुख्यतः आगरकर.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. टिळकांचे राजीनामापत्र हा ह्या वादाचा सर्वांत भरघोस पुरावा असला तरी तो एका पक्षकाराचा पुरावा आहे, आणि लिहिणारा कायद्याचा पदवीधर आहे. आरंभीच्या ध्येयाची जी रेखीव मूर्ती त्या पत्रात उभी राहते, ती १८८० साली सर्वांच्या मनात तितकीच रेखीव होती काय, ह्याची शंका येते. तरुण माणसे नवा उद्योग आरंभितात तेव्हा पुष्कळशा गोष्टी न बोलताच गृहीत धरितात. दहा वर्षांनी भांडण लागले म्हणजे प्रत्येकास आपले गृहीत तेवढे आठवते.

बाहेरचे उद्योग कोणते होते ते पाहू. वामन शिवराम आपटे हे महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य. संस्कृत रचनेवरील त्यांचे विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले पुस्तक १८८१ चे आणि त्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश १८९० चा. आगरकरांची ‘वाक्यमीमांसा’ १८८८ ची. गोखल्यांचे अंकगणित पुढे शाळाशाळांतून चालले. ही नावे वाचताना त्या ग्रंथांच्या योग्यतेविषयी आदरच वाटतो. आपट्यांचा कोश तर आजही आपल्या मेजावर आहे. तरीही प्रश्न उरतोच. जो शिक्षक वर्गात पुस्तक लावितो तोच त्या पुस्तकाचा कर्ता असेल, आणि पुस्तकाच्या खपावर त्याची प्राप्ती अवलंबून असेल, तर पुस्तकाची निवड करताना त्याने गप्प बसावे की बोलावे? ह्या मंडळींपैकी कोणी अशा निवडीत पक्षपात केला असे दाखविणारे काही नाही, आणि तसा आरोप करण्याचा येथे हेतूही नाही. हितसंबंधाच्या नियमाची गंमत हीच की तो दोषी माणसासाठी नसतो. निर्दोष माणसावर उद्या संशय येऊ नये म्हणून आज त्याने सांगून ठेवावे, एवढीच त्याची मागणी असते. पाठ्यपुस्तकांपुरता हा पेच महाराष्ट्राने पुढे निराळ्याच रीतीने सोडविला : १९६७ मध्ये पुण्यातच पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ स्थापन झाले आणि प्राथमिक वर्गांची पुस्तके खासगी कर्त्यांच्या हातून गेली. ‘मार्गदर्शके’ लिहिणारे मात्र उरले!

पैशाचा प्रश्न दुसऱ्याही वाटांनी पुढे येत होता. वेतनात वाढ करावी काय, आणि अडचणीत सापडलेल्या सभासदास वेगळे साहाय्य द्यावे काय, ह्यांवरून १८८७ च्या सुमारास मतभेद झाले. इंदूरच्या होळकर महाराजांच्या देणगीवरूनही टिळक-आगरकरांत कटुता आली. व्यक्तीला मिळालेली देणगी व्यक्तीची की संस्थेची, हा तिचा आशय. ह्याच प्रश्नाला आजची नियमावली ‘भेटवस्तूंचा स्वीकार’ असे कोरडे नाव देते.

वेळेचा आणि नावाचा प्रश्न पैशाहून अधिक बिकट ठरला. आगरकरांनी १८८७ मध्ये ‘केसरी’ सोडला आणि १८८८ च्या ऑक्टोबरात ‘सुधारक’ काढिला. इंग्रजी भागासाठी गोखले त्यांस साहाय्य करीत. ‘सुधारका’तून कोणी श्रीमंत झाला नाही हे सांगावयास नको. पण शाळेत मुले पाठविणारा पालक सनातनी होता, आणि त्याला शाळेतील शिक्षक व पत्राचा संपादक ह्या दोन व्यक्ती वेगळ्या काढिता येत नव्हत्या. ‘केसरी’च्या बाबतीतही हेच उलट बाजूने खरे होते. अशा ठिकाणी नियम काय करणार? मिळकत असती तर ती जाहीर करावयास सांगता आली असती. मत तर आठवड्यास एकदा छापूनच जाहीर होत होते. हितसंबंध लपलेला नसून डोळ्यांत भरणारा आहे, हीच तक्रार असेल तेव्हा प्रकटीकरणाचा उपाय निरुपयोगी ठरतो.

अखेरची ठिणगी पडली ती सार्वजनिक सभेवरून. गोखले १८८५ पासून शाळेत शिकवीत होते व १८८६ मध्ये आजीव सभासद झाले. न्यायमूर्ती रानडे ह्यांच्या मार्गदर्शनाखाली ते सभेच्या त्रैमासिकाचे काम पाहू लागले आणि १८९० मध्ये त्यांनी सभेचे चिटणीसपद स्वीकारिले. टिळकांचा आक्षेप असा की, एवढे मोठे काम अंगावर घेणारा सभासद शाळा-महाविद्यालयास आपली सारी शक्ती देऊ शकणार नाही, आणि ही मुभा एकास दिली की ती सर्वांस द्यावी लागेल. बहुमत त्यांच्या बाजूस नव्हते. १४ ऑक्टोबर १८९० रोजी त्यांनी राजीनामा दिला आणि दोन महिन्यांनी कारणांचे सविस्तर पत्र लिहिले.

ह्या आक्षेपास दोन उत्तरे त्याच वेळी देण्यासारखी होती. महादेव बल्लाळ नामजोशी हेही आजीव सभासदच. पुण्याच्या औद्योगिक चळवळीत आणि नाना सार्वजनिक खटपटींत ते आकंठ बुडालेले असत, आणि ते टिळकांच्या निकटचे होते. त्यांची खटपट संस्थेस पोषक आणि गोखल्यांची मारक, हे कोणी ठरवावयाचे? दुसरे उत्तर अधिक झोंबणारे. स्वतः टिळक ‘केसरी’ व ‘मराठा’ ह्यांच्याशी निगडित होते. त्यांच्या बाजूने इतकेच म्हणता येईल की वृत्तपत्रांचे काम संस्थेच्या आधीचे, जन्मजात म्हणावे असे, होते आणि त्यात कर्जाखेरीज काही हाती लागत नव्हते. प्रस्तुत लेखकास हे समर्थन पुरते समाधानकारक वाटत नाही. कर्ज हाही एक हितसंबंधच आहे. कित्येकदा नफ्यापेक्षा तो मनुष्यास अधिक घट्ट बांधून ठेवितो.

तथापि ह्या उत्तरांमुळे टिळकांच्या मूळ मुद्द्याचे बळ कमी होत नाही. तो मुद्दा घटनेविषयीचा आहे. सोसायटीत आजीव सभासद हेच शिक्षक आणि तेच चालक. नियामक मंडळात बाहेरची प्रतिष्ठित मंडळी होती. पण शाळा-महाविद्यालयाचा रोजचा कारभार सभासदांच्या हाती. एखाद्याने आपला बाहेरचा उद्योग प्रकट करावयाचा तर तो ज्यांच्यापुढे करावयाचा त्यांचेही असेच उद्योग होते. त्यांपैकी प्रत्येकाला दुसऱ्यास सवलत देण्यात स्वतःच्या सवलतीची हमी मिळत होती. शिवाय ही माणसे एकमेकांस इतकी ओळखत होती की कोणावर किती ऋण आहे हेही सर्वांस ठाऊक असावे. अशा मेळाव्यात ‘आपली बाहेरची प्राप्ती लिहून द्या’ असे म्हणणे म्हणजे मित्राची झडती घेणे. म्हणून लिहून कोणीच काही दिले नाही. सर्व काही माहीत होते आणि कागदावर काहीच नव्हते. टिळकांच्या पत्रात सहकाऱ्यांच्या बाहेरच्या उद्योगांचा ऊहापोह आला तेव्हा तो सर्वांस इतका का बोचला, ह्याचे कारण येथे सापडते. हितसंबंधांचे पहिले विस्तृत टिपण संस्थेत तयार झाले ते प्रकटीकरण म्हणून नव्हे, दोषारोप म्हणून.

टिळकांनी सुचविलेला मार्ग प्रकटीकरणाचा नव्हताच, हेही स्पष्ट केले पाहिजे. त्यांना संपूर्ण निषेध हवा होता. आगरकर-गोखले पक्षास वैयक्तिक स्वातंत्र्य हवे होते. ‘करा, पण आधी सांगा, आणि जेथे तुमचा संबंध येतो तेथे मत देऊ नका’ हा मधला मार्ग दोहोंपैकी कोणीच मांडिला नाही. एक पक्ष संन्यासाची भाषा बोलत होता, दुसरा विवेकाची. कारभाराची भाषा बोलणारा तिसरा कोणी तेथे नव्हता. वीस वर्षांच्या शपथेवर उभारलेल्या संस्थेत ते स्वाभाविकही होते. शपथेने बांधलेल्या माणसांना पावतीपुस्तक अपमानास्पद वाटते.

पुढे काय झाले ते पाहिल्यास बहुमताचा निर्णय व्यवहारतः वाईट ठरला असे म्हणता येत नाही. टिळकांच्या जाण्याने गणिताची जागा रिकामी झाली, आणि १८९१ मध्ये तेथे धोंडो केशव कर्वे आले. ते पुढे आजीव सभासद झाले, आणि महाविद्यालयात गणित शिकवीत असतानाच १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढिला. सुट्यांत वर्गणीसाठी हिंडणारा हा प्राध्यापक टिळकांच्या नियमाप्रमाणे आजीव सभासद राहू शकला असता काय? कडक अर्थ केल्यास नाही. हिंगण्याचे सारे कार्य एका अर्थी १८९० च्या सैल निर्णयाच्या आश्रयाने वाढले. परंतु कर्व्यांचे उदाहरण पुढे करून सैल नियमाचे समर्थन करू पाहणाऱ्याने हेही सांगावे की प्रत्येक संस्थेस कर्वे मिळतात असा भरवसा कोणी दिला आहे!

स्वतः टिळकांचे आयुष्य संस्था सोडल्यावर त्यांच्या नियमाच्या अगदी उलट दिशेने गेले. १८९१ मध्ये ‘केसरी’ व ‘मराठा’ कर्जासह त्यांच्याकडे आले. त्यांनी कायद्याचा वर्ग चालविला. लातूरच्या सरकी काढण्याच्या कारखान्यात भागी घेतली. ह्यात विसंगती पाहणारे पाहोत. ज्या मनुष्याने संस्थेत राहून बाहेर मिळवू नये असे म्हटले, त्याने संस्थेबाहेर पडून मिळविले, ह्यात नियमाचा भंग नाही. उलट तो त्याने अक्षरशः पाळिला असेच म्हणावे लागेल.

अधिक विचार करावयास लावते ती गोखल्यांची पुढील वाटचाल. त्यांनी सोसायटीतील आपली सेवा ७५ रुपयांवर केली आणि सभा, परिषदा, कायदेमंडळ हे सारे त्याच काळात सांभाळिले. बाहेरच्या कामाचा भार आणि वर्गातील कर्तव्य ह्यांची ओढाताण त्यांच्याइतकी दुसऱ्या कोणी अनुभविली नसेल. १९०५ मध्ये त्यांनी भारतसेवक समाजाची स्थापना केली आणि सभासदांसाठी सात शपथा नेमून दिल्या. समाज जी तरतूद करील तीवर आपण व आपल्या कुटुंबाने संतुष्ट राहावयाचे, आणि आपल्या शक्तीचा कोणताही अंश स्वतःसाठी पैसा मिळविण्यात खर्चावयाचा नाही, असा त्यांतील एका शपथेचा आशय आहे. पंधरा वर्षांपूर्वी ज्या नियमाचा रोख त्यांच्यावर होता, तोच नियम त्यांनी आपल्या हाताने लिहिला. फरक इतकाच की ह्या वेळी तो आरंभीच आणि कागदावर लिहिलेला होता. कोणी कोणावर लादलेला नव्हता, आणि पुढे कोणाच्या आठवणीवर विसंबून त्याचा अर्थ लावावा लागणार नव्हता. त्या वर्षीच्या १२ जून रोजी फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मागील टेकडीवर ती शपथ प्रथम स्वतः गोखल्यांनी घेतली, आणि मग देवधर, द्रविड व पटवर्धन ह्यांस दिली.